बाळंतिणीला विचारणे : अयादत की तजस्सुस?

आमच्या मोहल्ल्यात दर गुरुवारी जोहरच्या नमाजनंतर बायकांचा इज्तेमा असतो. कुणाच्या तरी घरी बैठकीत सतरंजी पसरतात, एक आपा किताब वाचून दाखवतात, मग दुआ होते आणि शेवटी चहा. शाळा सकाळपाळीची असली की मीही जाते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी दुआ झाल्यावर मागे भिंतीला टेकून बसलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "आपा, एक मसला पूछना था. बच्चे को देख के मेरेको खुशी होतीच नहीं. ये गुनाह है क्या?" मांडीवर दोन महिन्यांचा मुलगा. मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, कधीकाळी माझ्याच वर्गात शिकलेली.

क्षणभर कुणीच बोलले नाही. मग एकदम सगळ्याच बोलल्या. "तौबा कर!" "अल्लाने बेटा दिया और ऐसी नाशुक्री?" "जिनकी गोद खाली है, उनको पूछ जरा." एका खालांना तिच्यावर कसला तरी साया दिसला. किताब वाचणाऱ्या आपा मनाने भल्या. त्यांनी शुक्र अदा करत जा, सुकून मिळेल, असे समजावले. मुलीने मान डोलावली, ओढणी कपाळावर ओढून घेतली आणि बाळाला उचलून निघून गेली.

तिच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असलेली एक बाई त्या खोलीत होती आणि ती गप्प बसली. ती बाई मी.

सहा-सात वर्षांपूर्वी माझी दुसरी मुलगी झाली. घर चांगले, नवरा चांगला, सहा महिन्यांची प्रसूती रजा मंजूर. दुसरीही मुलगीच झाली म्हणून सासरी कुणी एक शब्द बोलले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही दुसऱ्या आठवड्यानंतर मला वाटू लागले की ही मुलगी दुसऱ्या कुणाची तरी आहे, आणि तिची माणसे येऊन तिला घेऊन जाईपर्यंत सांभाळण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. ती झोपली तरी मला झोप लागत नसे. हरीरा समोर ठेवलेला निवून जाई. मोठी मुलगी गोष्टीचे पुस्तक घेऊन यायची आणि मी अक्षरांकडे बघत राहायची. शिक्षिकेला अक्षरे लागेनाशी व्हावीत याची लाज वाटायची. एका पहाटे मनात आले की मी नसते तर या सगळ्यांचे बरे झाले असते. हा विचार मी कुणालाही सांगितला नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

मला कुणी विचारले नाही असेही नाही. ज्या दवाखान्यात बाळंत झाले तिथल्या सिस्टरांनी सुटी देताना विचारले होते: टाके दुखतात का, ताप येतो का, संडासला होते का, अंगावर जास्त जाते का, दूध उतरले का. तपासणीला गेले तेव्हाही हेच प्रश्न. वॉर्डात एका खाटेवर मी, शेजारच्या खाटेवर दुसरी, दारात दोघींच्या सासवा. प्रश्न मोठ्याने आणि उत्तरे मोठ्याने. शेवटी "बाकी सब ठीक?" मी म्हणाले, "सब ठीक." वर्गात 'समजले का?' असे विचारल्यावर साठ मुले एका सुरात 'हो' म्हणतात, तसेच ते 'ठीक' होते. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की 'समजले का' हा प्रश्नच नव्हे, कारण त्याचे उत्तर प्रश्नातच ठरलेले असते.

आता वैद्यकशास्त्र काय म्हणते ते थोडक्यात सांगते, कारण आमच्या बायकांत याविषयी फार गोंधळ आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणे, चिडचिड होणे हे निम्म्याहून अधिक बायकांना होते आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. तो आजार नव्हे. दुसरे टोक म्हणजे दर हजारात एक-दोघींना होणारा तीव्र मनोविकार: भ्रम होतात, भास होतात, बाई झोपत नाही, असंबद्ध बोलते. हा बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो आणि तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे लागते, बाबाकडे नव्हे. या दोहोंच्या मधे जे आहे त्याला प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणतात. ते दोन आठवडे उलटले तरी जात नाही, कधी महिन्या-दोन महिन्यांनी सुरू होते, आणि उपचार झाले नाहीत तर वर्षभरही राहते. भारतातील 38 अभ्यास आणि वीस हजारांवर बायका यांचा एकत्र हिशेब 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मासिकात छापून आला. त्यात हे प्रमाण शेकडा 22 निघाले. म्हणजे इज्तेमाच्या त्या सतरंजीवर ज्या वीस-पंचवीस लेकुरवाळ्या बसल्या होत्या, त्यांत तिच्यासारख्या चार-पाच जणी तरी होऊन गेल्या असणार. त्यांनीही "तौबा कर" म्हटले का, हे मला कळायला मार्ग नाही. मी तर तेही म्हटले नाही.

नाशुक्रीच्या आरोपाकडे आधी वळते, कारण आमच्या बाईला सर्वांत खोल लागतो तो हाच. डॉक्टर तिला आजारी म्हणतील याची तिला तितकी भीती नसते. आपण गुनाहगार आहोत ही भीती मोठी.

माझा प्रश्न असा आहे: आई होणाऱ्या बाईवर आनंदाचे कर्ज कुणी लादले? दीनने तर लादलेले दिसत नाही. कुरआनात सूरह मरियम आहे. हजरत मरियम एकट्या, वस्तीपासून दूर, खजुराच्या बुंध्याशी वेणा सोसत आहेत आणि त्यांच्या तोंडून मरणाची इच्छा निघते. याआधीच आपण मेलो असतो आणि विसरले गेलो असतो तर बरे, अशा अर्थाची. सर्व स्त्रियांत निवडलेल्या, पाक ठरवलेल्या बाईचे हे उद्गार आहेत. यावर उत्तर काय मिळते? 'तौबा कर' नाही, 'नाशुक्र' नाही. आधी, दुःख करू नकोस असा दिलासा. मग पायाशी वाहते पाणी. मग खजुराचे झाड हलव, ताजी फळे पडतील, खा, पी, डोळे निवू दे. आणि लोक विचारतील तेव्हा आज मी कुणाशी बोलणार नाही असे सांगून टाक, ही सुद्धा मुभा. ही सूरह आम्ही पोरींना बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून पढायला सांगतो. पण तिच्यात बाळंतिणीच्या तोंडचे मरणाचे शब्द आहेत आणि त्यावर एका शब्दानेही रागावणे नाही, हे आमच्या ध्यानातच येत नाही.

दुसरी गोष्ट निफासची. हनफी मसलकाप्रमाणे बाळंतपणानंतर जास्तीत जास्त चाळीस दिवस नमाज माफ असते, आणि त्या नमाजांची कजाही नाही. ज्या फर्जला प्रवासात, आजारात, लढाईतही सुटका नाही, तो फर्ज बाळंतिणीच्या खांद्यावरून उतरवून ठेवला आहे. आम्ही मात्र तिच्या चेहऱ्यावरचे हसू फर्ज करून ठेवले. (इथे एक कडू अनुभवही सांगते. ज्या दिवसांत मला सजद्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याच दिवसांत मुसल्ल्यापासून लांब राहावे लागल्याने मला अधिकच तुटल्यासारखे वाटे. दुआ, जिक्र, दरूद यांना बंदी नाही हे मला माहीत होते, पण त्या अवस्थेत आठवले नाही. कुणी आठवण करून दिली असती तर बरे झाले असते.)

बेट्याच्या दुःखाने हजरत याकूब यांचे डोळे पांढरे झाले. ते नबी होते. आपल्या तान्ह्या मुलाच्या, इब्राहीमच्या मृत्यूच्या वेळी हुजूर स्वतः रडले आणि त्याबद्दल कुणी आश्चर्य दाखवले तेव्हा हे रडणे म्हणजे रहमत आहे असे त्यांनी समजावले. दुःख आणि शुक्र एकाच काळजात राहू शकतात. कोणी म्हणेल, त्या दुःखांना कारण होते. या पोरीला कसले कारण? याचेही उत्तर आपल्याच कपाटात आहे. अबू जैद अल-बल्खी नावाचे विद्वान सुमारे अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेले. इसवी सन 934 मध्ये त्यांचे निधन झाले. शरीर आणि नफ्स या दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी एकच ग्रंथ लिहिला, आणि त्यात दुःखाचे दोन प्रकार केले. एक कारण ठाऊक असलेले, दुसरे कारण ठाऊक नसलेले. आणि या दुसऱ्याचे मूळ शरीरात असते, त्यावर शरीराचाही इलाज केला पाहिजे असे सांगितले. आज डॉक्टर प्रसूतीनंतर झपाट्याने उतरणाऱ्या संप्रेरकांची, झोपमोडीची, रक्तक्षयाची गोष्ट करतात. शब्द बदलले, बोट त्याच जागी आहे.

पण नाशुक्रीचा आरोप मागे घेतला म्हणजे झाले, इतके हे सोपे नाही. समजा, तिचे दुःख गुनाह नाही. मग ते आम्ही जाऊन विचारावे का? ती स्वतःहून सांगत नसताना प्रत्येक बाळंतिणीला कागद समोर ठेवून प्रश्न विचारायचे, गुण मोजायचे आणि हिला नैराश्य आहे असे ठरवायचे, याला आपण कोण?

ही शंका मी हलकी मानत नाही. सूरह हुजुरातमध्ये तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या आतल्या गोष्टी उकरून काढणे, साफ मना केले आहे. पडदा ठेवणे हा आमच्याकडे मोठा गुण. आमच्या गल्लीत तर एका घरातली गोष्ट संध्याकाळपर्यंत दहा घरांत पोचते. एकदा 'इसका दिमाग थोडा ऐसाच है' असे नाव पडले की ते बाईबरोबर माहेरी जाते, तिच्या बहिणीच्या स्थळापर्यंत जाते. पोर हिरावून घेतील ही भीती असते. वास्तविक 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तीन वर्षांखालील मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळे करू नये असे स्पष्ट लिहिले आहे, आणि बेंगळुरूच्या निमहान्समध्ये तर 2009 पासून आई व बाळ दोघांना एकत्र दाखल करून घेणारा वॉर्ड आहे. पण हे तिला कोण सांगणार? तेव्हा लपवणारी बाई मूर्ख नसते. ती हिशेब करूनच लपवते.

तजस्सुस मना आहे आणि त्याच दीनमध्ये अयादत, आजाऱ्याला जाऊन विचारणे, हा मुसलमानाचा मुसलमानावरचा हक्क सांगितला आहे. दोन्हीत प्रश्न एकच: कसं आहे? मग फरक कशात? मी यावर बराच विचार केला आणि मला वाटते, फरक प्रश्नात नाहीच. उत्तर हाती आल्यावर विचारणारा काय करतो त्यात आहे. उत्तर घेऊन जो निघून जातो, ते इतरांना सांगतो किंवा वहीत मांडून ठेवतो, त्याने उकरून काढले. उत्तर मिळाल्यावर जो थांबतो, पाणी आणतो, रात्रीचे बाळ सांभाळतो, डॉक्टरकडे सोबत जातो, त्याने अयादत केली. विचारणाऱ्यावर विचारल्याचे देणे चढते. ते फेडायची तयारी नसेल तर विचारू नये.

शास्त्रज्ञही फिरून याच जागी आलेले दिसतात. चाळणी तपासणी कोणत्या रोगासाठी करावी याचे नियम विल्सन आणि युंगनर या दोघांनी 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिले. ज्या रोगाला मान्य इलाज आहे आणि निदान व इलाजाची सोय आहे, त्याचीच चाळणी करावी, हे त्यांत येते. बाळंतिणींच्या नैराश्याबाबत तर मोठमोठ्या देशांतही एकमत नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने 2016 मध्ये सर्व गरोदर व बाळंतिणींची चाळणी करावी, मात्र पुढच्या उपचाराची व्यवस्था असावी, अशी शिफारस केली. कॅनडाच्या समितीने 2022 मध्ये सर्वांना प्रश्नावली देऊन गुण मोजण्याच्या विरोधात मत दिले. डॉक्टरांनी नेहमीच्या भेटीत आस्थेने मनाची विचारपूस करावी, ती पुरे, असे तिचे म्हणणे. मला कॅनडाचे म्हणणे पटते, पण आमच्याकडे ती नेहमीची आस्थेची विचारपूस आहे कुठे? जिथे रांगेत दीड मिनिट मिळते, तिथे निदान छापील कागद तरी हा प्रश्न विसरू देत नाही. म्हणून अनेक शंका मनात ठेवूनही मी कागदाच्या बाजूने आहे.

तो कागद कसा असतो? सर्वांत प्रसिद्ध एडिनबरोची प्रश्नावली. कॉक्स, होल्डन आणि सागोव्हस्की यांनी ती 1987 मध्ये प्रसिद्ध केली. मागच्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. हसू येते का, पुढच्या गोष्टींची ओढ वाटते का, उगाच स्वतःला दोष देता का, झोप लागत नाही इतके दुःख होते का, असे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. आम्हा मास्तरांना एकूण गुणांवर पास-नापास करायची सवय. इथे तसे चालत नाही. बाकी नऊ ठीक आणि दहाव्याला 'कधी कधी' असे उत्तर आले तरी त्या बाईला तशीच घरी पाठवायचे नसते.

या प्रश्नावलीची कोकणी, गुजराती, कन्नड अशी भाषांतरे झाली आहेत. पण मी उर्दूची शिक्षिका, आणि भाषांतराच्या जागी माझे मन अडते. 'डिप्रेशन'ला उर्दूत आम्ही सहज काय म्हणतो? मायूसी. आणि मायूसी कुफ्र आहे, हे आमच्या घराघरांत लहानपणापासून ऐकवलेले असते. म्हणजे ज्या बाईला 'आप मायूस रहती हैं क्या?' असे विचारले, तिने 'हो' म्हणणे म्हणजे आपल्या ईमानावर स्वतःच बोट ठेवणे. ती 'नाही' म्हणणारच, आणि तिला शून्य गुण मिळतील. 'अफसुर्दगी' हा शब्द पुस्तकात शोभतो; आमच्या मोहल्ल्यातली बाई तो ऐकून चेहऱ्याकडे बघत राहील. मराठीत 'नैराश्य' म्हणा, तेही तसेच; 'उदास' म्हटले तर ती हसून 'काय की' म्हणेल. मग ती स्वतः काय म्हणते? 'टेन्शन है.' 'दिल बैठता है.' 'घबराट होती.' 'जी नहीं लगता.' 'सर में भुंग्या बजते.' 'रोना आता, कायको आता मालूम नहीं.' मराठी शेजारीण म्हणते, 'जीव लागत नाही', 'डोकं जड झालं', 'काही सुचत नाही'. हे सगळे शब्द देहाचे आणि रोजचे आहेत. त्यांत कुणी गुनाहगार ठरत नाही. प्रश्न या भाषेत उतरला तरच तो तिच्यापर्यंत पोचेल. नुसता कागद छापून वाटणे म्हणजे वर्गात 'समजले का' विचारण्यासारखेच.

गोव्यात विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी बाळंतिणींचा जो अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला, तो मला या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा 23 बायका नैराश्यात होत्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही तशाच. जोखीम वाढवणाऱ्या गोष्टींत गरिबी होती, नवऱ्याशी न पटणे होते, आणि बाळ मुलगी असणे हेही होते. पुढे त्यांनी बायकांशी मोकळेपणी बोलून त्यांचे म्हणणे घेतले, तर बहुतेकींनी आपल्या अवस्थेला रोग म्हटलेच नाही. पैशाची ओढाताण आणि संसारातले दुखणे म्हणून सांगितले. त्या चूक होत्या का? मला तसे वाटत नाही. ज्या घरात भांडे रिकामे आहे तिथे गोळी देऊन भांडे भरत नाही. आजार म्हटल्याने गुनाहाचा डाग पुसतो हे खरे, पण नवऱ्याचा हात उठतो त्याचीही नोंद त्याबरोबर पुसली जाऊ नये.

आता वर्ध्याचे बघू. आपला जिल्हा म्हटला की बाहेरच्यांना दोनच गोष्टी आठवतात, गांधीजी आणि शेतकरी आत्महत्या. या दुसऱ्या गोष्टीमुळे का होईना, दुःखाविषयी घरी जाऊन विचारायचे असते हे सरकारनेही मान्य केले. राज्याच्या आरोग्य विभागाने 2015 मध्ये चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' आणला, त्यात वर्धा होते. आशाताईंनी शेतकऱ्यांच्या दारी जाऊन मनाच्या ताणाविषयी विचारावे अशी ती योजना होती. त्याच दाराआड बाळंतीणही असते. आशाताई तिच्याकडेही जाते, उलट ठरलेल्या दिवशी जाते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी जाऊन नवजात बाळाला जपायची ही पद्धत गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी सिद्ध केली, आणि 2011 पासून ती देशभराच्या आशांना लागू झाली. त्या सहा भेटींनी किती बाळे वाचली असतील! पण त्या भेटींत काटा बाळाचा, थर्मामीटर बाळाचे.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती सांगते. आमच्याकडे चिल्ला चाळीस दिवसांचा. चाळिसाव्याला बाळंतीण न्हाते, नवे कपडे घालते, माहेरची माणसे परततात, खोलीचा पडदा उघडतो, आणि ती पुन्हा चुलीपुढे. आशाताईच्या त्या सहा भेटींतली शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. म्हणजे घरची नजर आणि सरकारची नजर दोन्ही एकाच आठवड्यात तिच्यावरून उठतात. आणि नैराश्य बघा, तेव्हाच कुठे उघड दिसू लागते. त्यानंतर ती घराबाहेर पडते ती बाळाला टोचायला. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस. या तीन दिवशी ती उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत येते, बहुतेक वेळा सासूशिवाय, आणि टोचल्यावर बाळाला ताप-चक्कर काही होत नाही ना हे बघायला अर्धा तास तिथेच बसते. तिला एकटीला विचारता येईल असा अर्धा तास मला तरी वर्षभरात दुसरा दिसत नाही.

आणि विचारल्यावर द्यायला काही आहे का? थोडे आहे. जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. फार कमी ग्रामीण जिल्ह्यांना हे नशीब लाभते. अंगावर पाजत असताना घेता येतील अशी औषधे आहेत; ती डॉक्टरांनीच ठरवायची. 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक 2022 च्या ऑक्टोबरपासून आहे. आणि सर्व काही डॉक्टरनेच करावे असेही नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आतिफ रहमान यांनी, आपल्या आशाताईंसारख्याच असलेल्या लेडी हेल्थ वर्कर बायकांना शिकवून, नैराश्यातल्या गरोदर व बाळंतिणींशी ठरावीक बैठकी करवल्या. बोलणे बाळाच्या तब्येतीपासून सुरू करायचे, म्हणजे घरचे आडवे येत नाहीत. 2008 मध्ये निकाल छापून आला: सहा महिन्यांनी या बैठकी झालेल्या बायकांत शेकडा 23 नैराश्यात राहिल्या, न झालेल्यांत शेकडा 53. तिथली बाई आणि आमची बाई यांत फारसा फरक नाही. तीच सासू, तोच चिल्ला, तीच नाशुक्री. आपल्याकडेही विदर्भात 'विश्राम' नावाच्या कार्यक्रमाने गावातच मदत नेली, तेव्हा अमरावतीच्या तीस गावांत नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा 4 वरून 27 वर गेले. लोकांना सांगायचे नसते असे नाही. ऐकणारा माणूस चालत जाण्याच्या अंतरावर असावा लागतो.

माझ्यापुरते म्हणाल तर मी दवाखान्यात गेले नाही. माझ्या मिस्टरांच्या एक फुफ्फी आल्या होत्या. त्यांनी काही विचारले नाही, एका रात्री बाळ माझ्या हातातून घेतले आणि म्हणाल्या, "तू सो जा, मैं देखती." अशा नऊ-दहा रात्री. मगरिबनंतर माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीबाही पढून त्या फुंकर घालीत. दम-तावीजवर मी वर्गात कितीही बोलत असले तरी त्या हाताला मी कधी नावे ठेवणार नाही. मला पूर्ण बरे वाटायला सात-आठ महिने लागले. फुफ्फी प्रत्येकीच्या घरी नसतात, आणि सात-आठ महिने हा फार लांब काळ आहे. डॉक्टरकडे गेले असते तर कदाचित इतका लागला नसता.

त्या गुरुवारनंतर चौथ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेले. सासूने चहा केला, शेजारी बसल्या. मी विचारले, "कैसी है बेटा?" ती म्हणाली, "अच्छी हूँ टीचर." मीही तेच केले होते, मोठ्याने आणि सासूपुढे. मग आमच्या आशाताईंशी बोलले. अडीच महिन्यांच्या डोसला ती एकटी आली, तेव्हा अंगणवाडीच्या मागच्या ओट्यावर आम्ही बसलो. मायूसी, डिप्रेशन यांतला एकही शब्द काढला नाही. मी विचारले, "बच्चा सोया तो तेरेको नींद आती क्या?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि रडू लागली. अर्धा तास संपला, दुसरा अर्धा तासही संपला. जिल्ह्यातल्याच एका मोठ्या दवाखान्यात आम्ही तिघी गेलो. सासूबाई दुसऱ्या खेपेपासून स्वतःहून येऊ लागल्या, कारण डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितले की हे तुमच्या सुनेच्या स्वभावाचे नाही, बाळंतपणाचे आहे, आणि रात्रीचे एक पाजणे वाटीचमच्याने तुम्ही सांभाळले तर औषध लवकर लागू पडेल. सासूबाईंना काम मिळाले. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून साया गेला.

आता आशाताईंनी आणि मी मिळून पाच प्रश्न घरच्या बोलीत लिहून काढले आहेत, वहीच्या मागच्या पानावर. त्यांना गुण वगैरे नाहीत. शास्त्रशुद्ध आहेत असा दावा नाही. कुणी जाणकाराने ते तपासून घ्यावेत अशी इच्छा आहे. ज्या बाईला पहिल्याच प्रश्नाला रडू येते, तिला पुढचे चार विचारत नाही.

मुलगा नऊ महिन्यांचा झाला, गोवर-रुबेलाच्या सुईला आली तेव्हा ती बरीच सावरली होती. पोराने माझा चष्मा ओढला तशी हसली. मग एकदम म्हणाली, "टीचर, एक बात पूछूँ? आपको भी ऐसा हुआ था ना?"

ओट्यावर आणखी दोघी बसल्या होत्या, ओळखीच्याच. मी हो म्हटले.